पडद्यावर दोन दोन माणसं

आबा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली तरी मी तुमच्यावर चिडलेलीच आहे, हे आधी सांगून टाकते. मेलेल्या माणसाशी भांडण्यात एकच सोय असते, तो मध्येच उठून बाहेर जात नाही. तुम्ही जायचात. सासर सोडून, पोराला कडेवर घेऊन मी साताऱ्याला तुमच्या दारात उभी राहिले, तेव्हा तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंत, मग गल्लीत कोण कोण बघतंय ते बघितलंत आणि चपला घालून निघून गेलात. परत आलात ते दिवेलागणीला. त्यानंतर आपण एकाच घरात राहिलो, पण बोलणं सगळं आईच्या मार्फत. "तिला इचार, जेवली का." मी समोरच ताट घेऊन बसलेली असायचे. आई बिचारी माझ्याकडे मान वळवून विचारायची, मी आईला सांगायचे आणि आई तुम्हाला. तुम्ही लष्करात ट्रक चालवून आलेला माणूस, माघार घेणं तुम्हाला माहीत नव्हतं. आणि मी तुमचीच लेक.

टीव्हीचं मात्र असं निरोपानिरोपीनं भागेना. छपरावरचा अँटेना वानरांनी दोनदा वाकवला, तेव्हा वैतागून तुम्ही घरातला अँटेना आणलात, टीव्हीवर ठेवायचा, दोन लांब होणाऱ्या कांड्यांचा. आई त्याला शिंगं म्हणायची. आपलं घर डोंगराच्या कुशीत, त्यामुळे लहरी डोंगरावर आपटून परत यायच्या आणि पडद्यावरच्या प्रत्येक माणसाच्या बाजूला त्याची एक फिकी सावली उभी असायची. चित्र जरा बरं आलं की आवाज घोगरा व्हायचा, आवाज सुधारला की पडद्यावर मुंग्या. तुम्ही खुर्चीत बसणार, म्हणजे शिंगं धरायला दुसरं कुणीतरी हवं. आईचे हात भाकरीच्या पिठात. राहिले मी. पहिल्या दिवशी तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "तिला म्हणावं, उजवं शिंग जरा खाली घे." आई हात झटकत बाहेर येऊन मला सांगेपर्यंत आलेलं चित्र गेलेलं असायचं. असं दोन-तीनदा झालं आणि तुमचा तोल सुटला. "आगं खाली न्हवं, वर घे, वर! हां. तितंच थांब. हलू नगंस." घरी आल्यापासून तुम्ही माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. मी शिंग धरून उभी. माझा हात असेपर्यंत चित्र टिकायचं, हात काढला की जायचं. "काढू का?" "काढ." "गेलं?" "गेलं." आत आई भाकरी थापायची थांबली होती, हे मला आवाजावरून कळलं.

मग तो रोजचाच उद्योग झाला. दिवाळीच्या सुमाराला तुमची तक्रार वाढली. "सावली लय यायला लागलीया. माणसं दोन दोन दिसत्यात." मी बघितलं तर सावली नेहमीचीच, बोटभर. म्हातारपणी माणूस किरकिरा होतो, म्हणून मी सोडून दिलं. पण तुम्ही ट्रकच्या इंजिनाला लावायचात तीच शिस्त टीव्हीला लावलीत. "एका येळी एकच गोष्ट बदलायची. न्हाईतर दोष कुठं व्हता त्ये कळत न्हाई." एका संध्याकाळी टीव्ही भिंतीपासून पुढे ओढला. दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट बंद ठेवून बघितलं. मग चपटी वायर बदलली, मग शिंगं कपाटावर, मग खिडकीत. प्रत्येक वेळी तुम्ही डोळे बारीक करून बघणार आणि म्हणणार, "अजून न्हाई."

आणि त्या अजून-नाहीच्या मधल्या वेळात आपण बोलायला लागलो. एकदा तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलंत, "तासगावात तुमच्याकडं चित्र कसं यायचं?" टीव्हीबद्दल विचारत नव्हतात, तेवढं मला कळलं. तुमच्याकडे पाठ करून, शिंग धरून मी सगळं सांगितलं. नवरा हात उगारायचा ते. सासूबाई त्या वेळी बेदाण्याच्या शेडकडे निघून जायच्या ते. शेवटी पोरापुढं झालं ते. पाठमोरी होते म्हणूनच सांगता आलं, तुमचं तोंड दिसलं असतं तर जीभ उचलली नसती. माझं सांगून झालं. मग म्हणालात, "जरा डावीकडं घे." आणि मग अगदी हळू, "मला आधी का न्हाई सांगितलंस गं?" आजही हे लिहिताना मला राग येतो. कारण हाच प्रश्न पुढे मी तुम्हाला विचारणार होते.

मध्ये एकदा तुम्ही शेजारी जाऊन आलात. त्यांच्याकडे केबल होती, शिंगांची भानगड नव्हती. लगेच परत आलात. मी विचारलं, "त्यांच्याकडं कसं दिसतं?" "चांगलं दिसतंय," म्हणालात आणि खुर्चीत बसून, "चल, उभी ऱ्हा." त्यानंतर तुम्ही कधीकधी एका डोळ्यावर तळवा ठेवून टीव्ही बघताना दिसायचात. डोकं दुखत असेल असं मला वाटायचं. आईनं चहा दिला तर तुमचा हात कपाच्या बाजूला पडायचा आणि ती करवादायची, "आवं, ध्यान कुठं हाय तुमचं?" मग एका सकाळी न्हाणीच्या पायरीवर पाय चुकला आणि तुम्ही पडलात.

मिरजेला मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टरांनी एक बोट तुमच्यापुढे धरलं. "आजोबा, किती?" तुम्ही म्हणालात, "दोन." "आता एक डोळा झाका. किती?" "एक." त्यांनी विचारलं, "असं झाकलं की एकच दिसतं, हे तुम्हाला आधी माहीत होतं?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "व्हय. दिवाळी झाल्यापासनं." शेजारच्या स्वच्छ टीव्हीवरही तुम्हाला माणसं दोन दोनच दिसली होती. एकेक गोष्ट बदलत बदलत शेवटी बदलायचे राहिले होतात ते फक्त तुम्ही, आणि हे ओळखूनही तुम्ही आम्हाला ताकास तूर लागू दिली नव्हतीत. डोक्यात गाठ होती. थोडं आधी आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले आणि पुढचं त्यांनी कागदावर औषधं लिहीत गिळून टाकलं.

आईनं तिथल्या बाकावरच तुम्हाला धारेवर धरलं. "आवं, दिसत नव्हतं तर तोंड का उघडलं न्हाईसा?" तुम्ही धोतराचा सोगा नीट करत बसलात. मग म्हणालात, "पोरगी बोलाय लागली व्हती गं. टीव्हीत दोष न्हाई म्हणलं असतं, तर ती आत निघून गेली असती." आबा, हा कसला व्यवहार? मी मागितला होता का तो तुमच्याकडे? गुढीपाडव्याला तुम्ही नव्हतात. आई टीव्हीवर कापड टाकून मोकळी झाली, मी मात्र इतकी वर्षं तुमच्या त्या वाक्याशी भांडते आहे. नुसतं "बस गं जरा" म्हणाला असतात तरी मी बसले असते, असं मी मनाला कितीदा सांगितलं. पण खरं सांगायचं तर बसले नसते. तोंड वळवून आत गेले असते. हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं, याचाच राग जास्त आहे.

आता मी सांगलीत असते, एका शाळेच्या कार्यालयात काम करते. तेव्हा कडेवर होता तो पोरगा पुण्याला नोकरीला लागला. रविवारी येतो, जेवतो, मोबाइलमध्ये मान घालून बसतो आणि दुपारच्या गाडीनं परत जातो. वाईट नाही तो, त्याच्याकडे माझ्याशी बोलायला काही नसतं एवढंच. उन्हाळ्यात मी एकदा म्हटलं, टीव्हीचा आवाज बरोबर येत नाही रे. तो उठला. मोबाइल बाजूला ठेवून टीव्हीच्या मागे शिरला, वायरी काढून परत घातल्या, रिमोटवर काय काय दाबत बसला आणि बोलत राहिला. साहेबाबद्दल, खोलीतल्या मित्रांबद्दल, एका मुलीबद्दल सुद्धा. "आई, आता?" "थोडं बरं आहे. पण अजून नाही." गेले कितीतरी रविवार हेच चाललंय. खाण तशी माती, दुसरं काय. फोन डाव्या कानाला लावला की पलीकडचं माणूस गप्प होतं आणि उजव्या कानाला लावला की बोलतं, हे मला पावसाळ्याच्या आधीपासून माहीत आहे. हल्ली त्याच बाजूचं डोकंही जड असतं. हे कागद पोराच्या हाती लागले तर तो मला उचलून थेट मिरजेला नेईल, म्हणून लिहून झालं की फाडून टाकणार आहे. पुढच्या रविवारी तो नवा स्पीकर घेऊन येतो म्हणाला, आबा. मी हो म्हटलं.