फळ्यावरचं एक सुवर्ण

नाशिक, ता. ११ ऑक्टोबर २००८

चि. सौ. आशास, अ. उ. आ.

फोनवर तुझे हिरामणराव बोलतात आणि मी फक्त हूं म्हणतो, म्हणून हे पत्र. तुझी योगिनी राष्ट्रकुल युवा स्पर्धेसाठी पुण्याला पोहोचली. तिची शर्यत सोळाला संध्याकाळी. पदक आणलं तर माझ्याकडे राहून पळत राहायचं, नाहीतर दिवाळीत देवळ्याला परत आणि स्थळं पाहायची, ही तुझ्या यजमानांची अट मी तिला सांगितलेली नाही. तिला ती पाठ आहे.

बावीस वर्षं शाळेच्या फळ्यावर रोज सुभाषित लिहिणारा तुझा भाऊ उद्यापासून तिथे देशाचा पदकतक्ता लिहिणार आहे. सुभाषित आजवर कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही. आकडे निदान पोरं वाचतील. लंगडीत पहिल्याच फेरीत बाद होणाऱ्याला देशसेवेची एवढी एकच वाट उरली आहे.

लोभ आहेच, देवळ्याकडून त्यात काटछाट नसावी.

तुझा दादा, रंगनाथ

नाशिक, ता. १७ ऑक्टोबर २००८

चि. सौ. आशास, अ. उ. आ.

फोनवर अर्धंच बोलणं झालं, उरलेलं इथे कबूल करतो. योगिनी चौथी आली. तिसरीच्या आणि तिच्यामध्ये हातभर अंतर होतं. मग सुवर्णाची बातमी कुठून आली? माझ्याकडून.

शर्यत पाहायला मला पहाटेची एसटी धरायची होती. मागे फळा शिळा राहू नये म्हणून आदल्या संध्याकाळीच पुढचा तक्ता लिहून ठेवला, सुवर्णात योगिनीचं एक मिळवलं आणि खाली तिचं नावही घातलं. शिपाई सहादूने विचारलं होतं, की गुरुजी, शर्यत झाली का? मी त्याला म्हणालो, की ती केवळ औपचारिकता आहे. सकाळी आमच्या शाळेतल्या, तुमच्या गावच्या वाळू सरांनी फळा वाचून हिरामणरावांना फोन लावला.

आज चारशे पोरांसमोर मी ते एक पुसलं. यादीत आपला देश अजून पहिलाच आहे. माझ्या शाळेत तो दिवसभर जरा जास्तच पहिला होता.

योगिनी रडली नाही. बॅग नाशिकला न्यायची की देवळ्याला, एवढंच तिने विचारलं. आईला विचारून सांगतो म्हटलं. तूच कळव.

असल्या भावावर लोभ उरला असेल तर तो ठेवावा.

दादा

देवळा, ता. २२ ऑक्टोबर २००८

ती. स्व. दादास, शि. सा. न. वि. वि.

वाळू सरांचा फोन आला तेव्हा हे कांदा मार्केटात होते. शर्यत संध्याकाळी आहे हे विसरून तिथेच आठ किलो पेढे मागवले. व्यापारी, हमाल, लिलाव पुकारणारे रावजी, कोणी सुटलं नाही. तुझा फोन लागेपर्यंत खोकी रिकामी.

मग तीन दिवस हे घराबाहेर पडले नाहीत. काल लिलावाला जावंच लागलं. रावजींनी सगळ्यांदेखत विचारलं, की हिरामण, पेढे परत द्यायचे का रे? हे म्हणाले, की परत कशाला, ते ॲडव्हान्स होते. पोरगी पदक आणणारच हाये, तारीख तेवढी पुढं गेली.

बोलून बसले खरे, आता भर बाजारात शब्द गेलाय. घरी येताच मला बजावलं, की योगिनीला इकडे आणू नको, पदकाशिवाय दिसली तर लोक पेढ्यांचं काढतील. दिवाळीचं विचारलं, तर म्हणे फराळ घेऊन आपणच नाशिकला जायचं. स्थळवाल्यांना मी लगेच नकार कळवून टाकला, हे शुद्धीवर यायच्या आत.

तेव्हा बॅग नाशिकलाच ठेव. पोरीला सांग, आठ किलो खाल्ले गेलेत.

लोभ असाच राहू दे. खडू मात्र सहादूपाशी राहू दे.

तुझी आशा