हाताला मार्क नाहीत

सोमवार, ३ तारीख
आणि वर म्हणतात, मावशी, तुम्हाला नुसतं पडून तर राहायचंय. नुसतं! मॅडमनी एकदा पडून दाखवावं त्या लोखंडी खाटेवर, आठ पोरी आठ वेळा पोट दाबतात तेव्हा. नर्सिंगच्या शाळेत मी झाडलोटीला. पण प्रॅक्टिकलच्या बाहुलीची मान तुटली, मग बुधवारच्या परीक्षेला पेशंट कोण? मी. कागद दिलाय. पोटात उजवीकडे दुखतं, कालपासून, उलटी दोनदा. पाठ केलं. बावीस वर्षं त्या वर्गाची फरशी पुसतेय. पुसता पुसता अर्धी नर्स झालेच आहे.
डाव्या हाताला मुंग्या. आज मॅडमनी खाटेवर निजवून बघितलं, त्यामुळे.

मंगळवार
तालीम. सात जणींनी नीट पोट दाबलं. आठवी चष्मेवाली. माझं मनगट धरून, घड्याळाकडे बघत, पूर्ण मिनिट बसली. म्हणे, मावशी, ठोके मधेच चुकतायत. आणि हात असा ढिला का? म्हटलं, कागदात पोट आहे, पोट बघ. पण हात, म्हणे. म्हटलं, हाताला मार्क नाहीत.
घरी कप निसटला. कान निसरडा होता कपाचा. नाहीतर साखर वाढली असेल, उद्यापासून चहात साखर बंद.

बुधवार. परीक्षा
चष्मेवाली पोटाला शिवलीच नाही. दोन्ही हात वर धरायला लावले, दात दाखवायला लावले. डावा हात आपला आपण खाली आला. तिनं मॅडमना हाक मारली. मॅडम लांबूनच म्हणाल्या, मावशी ॲक्टिंग अगदी खरी करतात, तू वेळ घालवू नकोस. मी खूश. नंतर मॅडमनी मला विचारलं, तर मीही सांगितलं, हिनं पोट पाहिलंच नाही. नापास. दारात थांबून म्हणाली, मावशी, निदान डॉक्टरांना दाखवा. म्हटलं, आधी पास हो, मग मला शिकव.
साखर बंद उद्यापासून.

शुक्रवार, सकाळ
आमचे हे म्हणाले, तुझं तोंड वाकडं दिसतंय. म्हटलं, तीस वर्षांत आज बघितलंत? चहा हनुवटीवरून ओघळला. गरम लागलाच नाही. बरंच झालं.
जरा पडते.

सोमवार, १०. हॉस्पिटल
लिहायला उजवा आहे. डावा चादरीवर पडलाय, कुणी विसरून गेल्यासारखा. डॉक्टरांनी हात वर धरायला लावले, दात दाखवायला लावले. विचारलं, आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही? नाही म्हटलं. मग म्हटलं, एका मुलीच्या. कधी? मंगळवारी. त्यांनी लिहून घेतलं.
रडू येईल वाटलं होतं. आलं नाही.
मॅडमना चिठ्ठी लिहिली, ह्यांच्या हाती देते. ती अशी: मॅडम, मुलगी बरोबर होती, कागद चुकला. मी सांगते, कारण पेशंट मी होते. पोट माझं कधी दुखतच नव्हतं. पुढच्या सोमवारी मी झाडायला हजर आहे, दोन्ही हातांनी. त्याआधी, शनिवारपर्यंत, तिला पास करणार की नाही ते लेखी कळवा.