दारावरचा लाल दिवा

८ जानेवारी, सोमवार
आमचा युक्रेनी नाताळ उरकला, सात जानेवारीचा. परवा संध्याकाळी रीतीप्रमाणे वारलेल्या बाबांच्या नावाने मांडलेलं ताट आई काल दिवसभर उचलू देईना. आज मीच उचललं आणि त्या जागी विमा कंपनीच्या कामाचा लॅपटॉप ठेवला. पहिलाच फोन – नळ गोठून फुटलाय, तळघरात पाणी, विम्यातून काही मिळेल का? मी माहिती लिहून घेतेय आणि मागून आई – "डार्का, बोर्श्टचं सूप गरम करू का गं?" तो माणूस म्हणाला, "करू द्या की त्यांना." मला हसू आलं. आमची साहेबीण कॉलीन ऑफिसातून फोन ऐकत होती, ती काही हसली नाही.

९ जानेवारी
कॉलीन – "महिनाअखेरपर्यंत घरात शांत जागा कर, नाहीतर रेजायनाच्या ऑफिसात ये." रेजायना! इथून अडीच तास, तेही बर्फातून. आईला दिवसभर कोण बघणार?

आणि नेमका आत्ताच वृद्धाश्रमात तिचा नंबर लागलाय. त्यांनाही उत्तर हवंय. मायरन कॅलगरीहून – "लागलाय तर घे ना. हट्ट कशाला?" दादाचं काय जातंय सांगायला! आई इथेच राहणार. त्यासाठी मला दार लागणारी एक खोली हवी, एवढंच.

११ जानेवारी
दार लागणारी खोली एकच आहे – आईची शिवणाची. विचारायला चार वेळा तोंड उघडलं. शेवटी तीच म्हणाली, "घे. डोळे कुठे राहिलेत आता." मशीन तळघरात नेलं. जिना उतरताना ती वरून बघत होती. वाईट वाटलं.

१४ जानेवारी
बाहेर उणे पस्तीस. गराजमधलं जुनं दार दोन कपाटांवर आडवं टाकलं, झालं टेबल. आई – "दारावर काम करणार, मग खोलीला काय लावणार?"

खिडकी डावीकडे घेतली, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर चकाकी येत नाही. पडदा डोळ्यांच्या रेषेत आणायला खाली तीन जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या. कोपर टेबलाला बरोबर टेकतं. इतकी वर्षं मान का दुखायची ते आज कळलं.

१६ जानेवारी
मायरनने लाल दिवा पाठवलाय. दारावर बाहेरून लावला, बटण टेबलाशी. आईला बजावलं – लाल असेल तर आत यायचं नाही, हाक मारायची नाही, घर पेटलं तरच. तिने मान डोलावली. "चर्चमध्ये राहते तशी राहीन."

१७ जानेवारी
एकवीस फोन, आईचा एकही आवाज नाही. जमलं.

२० जानेवारी, शनिवार
सुट्टी, पण दिवसभर त्याच खोलीत रमले. वायरी बांधल्या, खण लावले, कानाला हेडफोन, आपली गाणी. मध्येच घरचा फोन वाजल्यासारखा वाटला, आईने घेतला असेल. दोन वाजता बाहेर आले तर तिचं जेवण उरकलेलं. माझं ताट झाकून ठेवलं होतं. एकदाही हाक नाही! सवय लागली म्हणायची. किती दिवसांनी असा निवांत शनिवार मिळाला.

२१ जानेवारी
चर्चला निघताना दाराकडे लक्ष गेलं. दिवा लाल. शुक्रवारी बंद करायचा राहिला होता. म्हणजे काल दिवसभर...

"काल फार काम होतं ना तुला?" आई बूट घालता घालता म्हणाली. नव्हतं, असं सांगायला जीभ रेटली नाही. हो म्हटलं.

दुपारी मुद्दाम तिच्याबरोबर वारेनिकी, आमच्या उकडलेल्या करंज्या, करायला बसले. ती नेहमीपेक्षा कमी बोलली. माझ्या हातच्या कडा सुटत होत्या, त्या गुपचूप पुन्हा दाबून घेत होती.

२२ जानेवारी
कॉलीनने व्हिडिओवर सगळी खोली फिरून दाखवायला लावली. डिरेक्टऱ्या बघून हसली. "झकास! रेजायनाचं विसर." फोन ठेवला आणि रडूच आलं. राहिली आई घरातच. उद्या वृद्धाश्रमाला नकार कळवायचा आणि मग तिला सांगायचं. मशीन पण वर आणू, माझ्या झोपायच्या खोलीत खिडकीपाशी जागा होते.

२३ जानेवारी
नकार सांगायला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, आईंनी शनिवारीच होकार दिलाय, एक तारखेला खोली तयार.

मी आईला विचारलं, मला न सांगता? बटाटे सोलत होती, मान वर केली नाही.

"त्यांना लगेच उत्तर हवं होतं. दोनदा आले होते गं मी तुझ्या दाराशी. दिवा लाल होता."