कार्डावर एकच नाव

मंगळवार, शिरूर कासार

आमच्या काचेच्या भांड्यांच्या प्रदर्शनाचं कार्ड छापून आलं. त्यावर नाव एकट्या ह्यांचं. नळीच्या टोकाला तापलेल्या काचेला आकार हे देतात, पण नळीत फुंकते मी. सात वर्षं झाली. प्रत्येक भांड्याच्या पोटात श्वास माझा.

सकाळी इचारलंच, "माझं नाव कावून न्हाई टाकलं तुमी?"

"आपण दोघं काय येगळे हाव का?" म्हणाले, आणि चहा पीत बसले.

आईला फोन केला. ती हसली. "ऊसतोडीला आमी दोघं मिळून एकच कोयता. मुकादमाच्या वहीत नाव तुझ्या बापाचं. मी तर कदी इचारलं पण न्हाई."

मग मीच का एवढी जळतेय?

दुपारी पाहुणे काम बघायला आले. हातात तेच कार्ड. हे म्हणाले, "फुंक." मी नळी तोंडाला लावली आणि फुंकलंच नाही. "अगं, फुंक!" ह्यांचा फिरवता हात थांबला. काच लोंबली, गळून जमिनीवर पडली. वाटलं, आता चिडतील. निदान माझ्याकडं बघतील.

हे पाहुण्यांकडं वळले. "आज भट्टीच जरा जास्त तापली."