पाखडलेलं बी

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला कारण तुझं मागचं पाकीट. पत्ता चढत चढत तिकिटावर गेला होता आणि घराचा नंबर पाकिटाच्या मागल्या बाजूला. पोस्टमनने अंदाजाने आणून दिलं. गिरणीच्या रंगखात्यात जन्मभर सुताच्या छटा जुळवलेल्या बाईचं हे अक्षर नव्हे. डोळ्यांना काय झालंय ते सरळ लिही. तुझ्या शेजारच्या शिंपीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, तिलाच विचारा. म्हणजे झालंय.

तुझ्या घरमालकाला मेअखेर घर रिकामं हवंय. तू इकडे ये. गॅलरीकडची खोली तुझी. इथं बाग नाही हे मला माहीत आहे, त्यावर चार पानं लिहू नकोस.

तब्येतीस जप, हे आशीर्वादात धरून.
तुझी ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

चार पानं कुठली, पट्टी ठेवून लिहावं लागतं आणि पट्टी सरकते. झालंय असं, की ज्याच्याकडे थेट बघावं ते विरघळतं. कडेचं तेवढं राहतं. शिंपीणबाईंच्या तोंडाकडे बघितलं की तोंड जातं, खांद्यावरची टेप राहते. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं बरेच दिवस पुरेल. फिके रंग आधी गेले. मोतिया गेला, अस्मानी गेला. तांबडा आहे, नारिंगी आहे. म्हणून अंगणात आता नुसती झिनियाची फुलं लावते. सकाळी उंबऱ्यावर बसून त्यांच्याकडे न बघता बघते. मग ती एकेक करून डोळ्यांच्या कडेने आत येतात, पाण्यावरून तरंगत आल्यासारखी.

तुझ्याकडे यायची मला धास्ती वाटते. तुझ्या घरात भिंती पांढऱ्या, चादरी पांढऱ्या, कपबशा पांढऱ्या आणि केसांसकट तू पांढरी. तिथं मी धुक्यात बसल्यासारखी बसेन. माझी अट एवढीच, मी येईन तेव्हा मला दिसेल असं काहीतरी तिथं हवं. नाहीतर शिंपीणबाई मागची खोली द्यायला तयार आहेत.

सोबत पुडी. वाळलेली झिनिया चुरून घातली आहेत. माती ओलसर ठेव, चिखल नको. तीन जोड पानं आली की शेंडा खूड.

रागावलीस तरी माया असू दे.
तुझी धाकटी

४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पुडी म्हणजे निव्वळ केरकचरा. दवाखान्याच्या औषधखात्यात असा माल आला असता तर मी परत पाठवला असता. गॅलरीत सुपात घेऊन नीट पाखडलं. चपटा भुसा सगळा उडवला, खाली राहिलेलं कठीण, जड तेवढं घेतलं. बिनकानाच्या कपांत पेरलं, तारखा चिकटवल्या, ड्रॉपरने पाणी घातलं, तुझ्या खोलीच्या खिडकीत मांडले. काही उगवलेलं नाही. बी जुनं असणार.

उठल्याबरोबर आधी तिथं जाते. परवा स्वप्नात कप मातीसकट तांबडे झाले होते आणि मी ते विसळत नव्हते. मला स्वप्नं पडत नाहीत हे तू जाणतेसच.

काय चुकलं ते कळव.
तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे अक्षर शिंपीणबाईंचं आहे. तुझं पत्र वाचून दाखवताना त्यांना मशीन थांबवावं लागलं, इतकी मी हसले. ताई, तो चपटा भुसा म्हणजेच बी. बाणाच्या टोकासारखं असतं, फुंकरीने उडतं. तू पेरलीस ती फुलांची वाळकी बोंडं.

लहानपणी माझं बोलणंही तू असंच पाखडायचीस. कामाचं तेवढं ठेवायचीस, बाकीचं खिडकीबाहेर.

माझ्याकडे आता बी उरलेलं नाही, होतं ते इथं पेरून टाकलं. मनाला लावून घेऊ नकोस. मी मागच्या खोलीत जाईन म्हणते. अंधारी आहे, पण मशीनचा आवाज येत राहतो, सोबत होते. शिंपीणबाई म्हणतात, हे वाक्य लिहायला त्यांना आवडलेलं नाही.

आपला लोभ आहे तिथंच राहू दे.
धाकटी

२९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अंधाऱ्या खोलीचा विषय बंद कर.

बाजारातून बियांचं पाकीट आणायला निघाले होते. खाली सायकली लावतात तिथं भिंतीलगत मातीचा पट्टा आहे, माझ्या गॅलरीच्या बरोबर खाली. इमारतीचा राखणदार खुरपं घेऊन बसला होता, म्हणाला, गवत माजलंय. समोरासमोर पानांच्या जोड्या, खरखरीत. मी उडवलेला तुझा भुसा. मी खुरपं काढून घेतलं. गॅलरी धुतलेलं पाणी तिथंच ठिबकत होतं, म्हणजे रोज पाणी मीच घालत होते. ती रोपं रांगेत नाहीत, एकमेकांच्या अंगावर पडताहेत. मी लावली असती तर अशी लावली नसती.

एक रोप वर कोरफडीच्या कुंडीत निघालं. ती कुंडी तुझ्या खिडकीत ठेवली आहे. रोप उजेडाकडे मान लांब करतं, म्हणून कुंडी रोज फिरवते. शेंडा खुडायला कात्री घेऊन गेले आणि परत आले. जन्मभर गोळ्यांचे अर्धे तुकडे केले, हात कधी अडला नाही. हे असं का होतं ते तूच सांग. लांबलचक लिहिलंस तरी चालेल, पाखडणार नाही.

तुझी ताई

५ एप्रिल

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

खूड, ताई. डोळे मिटून खूड. तू एक शेंडा घेतेस, ते दोन फांद्या देतं. न खुडलेलं उंच जातं, एक फूल धरतं आणि वाऱ्याने आडवं होतं. खालच्यांचेही खूड.

पण एक आधीच सांगते. मधमाश्या इकडचं तिकडे मिसळतात, आईबापांसारखा रंग येईलच असं नाही. सगळी फिकी निघाली तर मला ती रिकामी मातीच दिसणार. म्हणून मागच्या खोलीला अजून नाही म्हटलेलं नाही. फुलली तरी रंग मला कळवू नकोस. मेअखेर सामानासह येऊन स्वतः बघेन, मग ठरवेन.

तोवर तुझ्याच मायेवर आहे.
धाकटी

२८ मे

सौ. शिंपीणबाईंस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या भाच्याने धाकटीला गाडीने सुखरूप पोचवलं. फाटकाशी उतरली आणि तिथंच थांबली. तोंड भलतीकडे, फाटकाच्या खांबाकडे फिरवून उभी राहिली. राखणदाराला वाटलं, बाईंना जागा पसंत नाही. मी त्याला गप्प बसायला सांगितलं. माझ्या हातात जवळच्या सायकलची घंटा निखळून आली होती, ती केव्हा धरली मला माहीत नाही.

मग ती खांबाकडे तोंड ठेवूनच बोलू लागली. हा विटकरी. हा डाळिंबी, पाण्यातून दोनदा काढलेला. हा सुताच्या त्या शेवटच्या मोठ्या गासड्यांचा शेंदरी. गिरणीत सांगायची तसं सांगत गेली, आणि बोट दाखवेल तिथं तो रंग असायचा. मधे एका ठिकाणी काही नाही म्हणाली, नुसती फट आहे. तिथं पांढरं आहे, मी सांगितलं. मग ती नुसतं ‘ताई’ म्हणाली आणि भाच्याला ट्रंक वर न्यायला सांगितली.

मागची खोली तुम्ही दुसऱ्या कुणाला द्यावी.

तुमच्याकडून मिळालं त्याची पोच: बहीण एक, चालतीबोलती, मुख्यतः बोलती. ट्रंक एक. लाकडी पट्टी एक. काठी एक, नवी, वरचा कागदही न काढलेली. अंगणातल्या वाळल्या झिनियांची पिशवी एक, देठ, बोंडं आणि भुशासकट, जशीच्या तशी.