न घेतलेली पुस्तिका

१२ जानेवारी, रविवार
पुन्हा तोच प्रश्न! साताऱ्याला उपासना संपली आणि पाळकसाहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं — "सिस्टर, ईस्टरपर्यंत एक तरी आत्मा प्रभूकडे आणणार होता ना?" एसटीत रहिमतपूर येईपर्यंत कसंबसं रडू आवरलं. डोळ्यांच्या वॉर्डात अठ्ठावीस वर्षं काढली मी, आणि एका माणसाला शुभवर्तमान पटवता येत नाही.

१३ जानेवारी
शेजारचे हिंदुराव काचबिंदूने पूर्ण आंधळे. रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला जाते. दृष्टी काही परत येणार नाही, ठणका तेवढा कमी होतो. थेंब घातले की ते डोळे मिटून पडतात, मग मी वाचते. आज जन्मांधाची गोष्ट — प्रभूने त्याच्या डोळ्यांना चिखल लावला ती. हिंदुराव हसायला लागले. "आमच्या वड्याला चिखल लय हाय, म्हणावं ये हिकडं!"
मी आतल्या आंधळेपणाबद्दल सांगत होते. डोक्यात शिरतच नाही त्यांच्या. जीव तुटतो माझा — सत्तर ओलांडली, किती दिवस उरलेत?

१४ जानेवारी
संक्रांत. हिंदुरावांच्या बायकोने, बयाबाईंनी, तिळगूळ दिला — म्हणजे माझ्या हाताच्या बाहेर, जमिनीवर टाकला! "घ्या, ग्वाड बोला." तोंड भलतीकडेच. ख्रिस्ती म्हणून विटाळ होतो की काय माझा? घरी येऊन हात धुतले, उगीचच.

९ फेब्रुवारी
आज धीर केला. बयाबाई कपबशी न्यायला आल्या तेव्हा बाजूने शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका पुढे केली. न बोलता, प्रार्थना करत. धरूनच बसले. त्यांनी कपबशी उचलली, पुस्तिकेला हातसुद्धा लावला नाही, सरळ आत गेल्या. उंबऱ्याला ठेचकाळल्या, पण मागे वळून पाहिलं नाही. इतकं दगडाचं मन!

१० फेब्रुवारी
चहात मीठ. मुद्दाम.

२ मार्च
बाजारात बयाबाईंना नमस्कार केला. मला धक्का देऊन तशाच पुढे गेल्या. चार लोकांत! गावाने कान भरलेत, दुसरं काय.
पाळकसाहेबांना फोन केला. म्हणाले, "ज्यांना बघायचंच नाही त्यांना कोण दाखवणार, सिस्टर?" बरं वाटलं ऐकून.

२३ मार्च
होत नाही आता. गुडघे टेकते, शब्द येत नाहीत. सकाळी पुस्तक न उघडताच निघाले तर हिंदुराव म्हणतात, "वाचा की सिस्टरबाई, आवाज लय ग्वाड हाय तुमचा." आवाज! तीन महिन्यांत त्यांच्यापर्यंत एवढंच पोचलं. मग वाचलं, पण माझंच लक्ष नव्हतं.
बयाबाईंचं नाव प्रार्थनेच्या यादीतून खोडलं.

१७ एप्रिल
बयाबाई पायरीवरून पडल्या. मनगट मोडलं. घरात दुसरं कोण आहे? मीच साताऱ्याला नेलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी मध्येच त्यांच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, आणि मला म्हणाले, "यांना आधी वरच्या मजल्यावर न्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे."

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
उपासनेला गेले नाही.
बयाबाईंनाही काचबिंदू. दोन्ही डोळे गेले. जानेवारीत जेवढं दिसत होतं तेवढं थेंबांनी टिकलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तेच थेंब! रोज त्यांच्याच घरात, माझ्याच हातात.
"मला सांगितलं का नाही, बयाबाई?"
त्या म्हणाल्या, "तुमी डोळ्याच्या सिस्टर. रोज म्होरं बसत हुता. मला वाटलं, विलाज असता तर तुमी बोलला असता."