गुंडीचा ढेकर

ता. ३, सोमवार

पोहोचलो. गाडी वेळेवर आली, सामान शाबूत राहिलं, आणि दोन जिने मी मध्ये न थांबता चढलो. जावई बॅग घेऊन मागे राहिले, मी पुढे. नात होऊन अकरा दिवस झाले, पण मी खरा आजोबा झालो आज दुपारी दीड वाजता, मुलीने तिला माझ्या हातात दिलं तेव्हा. मान धरा बाबा, मान धरा, असं ती चार वेळा म्हणाली. मी म्हणालो, अगं, नुकती जन्मलेली ती आहे, मी नाही. जावई पोट धरून हसले.

नाक शर्टाच्या गुंडीएवढं, म्हणून सगळे तिला गुंडीच म्हणतात. खरं नाव अजून ठरायचंय, त्यावरून नवराबायकोची रोज जुंपते.

घर छोटं पण उजेडाचं. खिडकीशी गुंडीचा कठड्याचा पलंग, दोरीवर तिची इवली झबली, टेबलावर कापूस, घडी घातलेले लंगोट, थर्मामीटर. मला बाहेरच्या खोलीतला सोफा. भाड्याची खोली सोडून आलोय, तेव्हा आता हेच आपलं घर.

पहिल्या तासात मी मुलीला सात वेळा विचारलं की तिचा श्वास नीट चाललाय ना. आठव्यांदा तिने ही वही हातात दिली. म्हणाली, जे जे मनात येईल ते हिच्यात लिहा, मला विचारू नका. शाळा पाचवीत सुटली माझी, पण लिहीन.

ता. ४, मंगळवार

घरी येणारी नर्सबाई आज आली. अंगाने भक्कम, तोंडाने फटकळ. तिने सगळं दाखवलं. अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायचं, बोटाने नाही. बेंबीची नाळ कोरडी ठेवायची, ओढायची नाही, आपोआप गळते. झोपवायचं पाठीवरच, उशी नको, जाड पांघरूण नको. टाळू मऊ असते, घाबरायचं नाही. मी घाबरलो.

मला काम मिळालं ढेकर काढायचं. दूध झालं की गुंडीला उभं खांद्यावर घ्यायचं, हनुवटी खांद्याच्या वर येऊ द्यायची, हात खोलगट करून कमरेकडून वर हळूहळू थोपटायचं. पहिल्याच दमात ढेकर आला. नर्सबाई म्हणाली, आजोबा, मला कामाला हात कमी पडतायत, येता का? मुलीच्या चेहऱ्यावर कौतुक दिसलं. बऱ्याच वर्षांनी दिसलं.

गुंडीचं वजन करायची पद्धतही माझीच. एकतीस वर्षं खडीच्या खाणीवर ट्रकच्या काट्यावर बसलो. भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, उरेल तो माल. न्हाणीघरात वजनाचं यंत्र आहे. गुंडीला घेऊन उभा राहिलो: एकसष्ट किलो सहाशे. एकटा: अठ्ठावन्न दोनशे. गुंडी तीन किलो चारशे. जावई म्हणाले, बाबांनी पोरीचा ट्रक केला.

ता. ६, गुरुवार

आज एक गंमत झाली. अकराचं दूध झालं, मी गुंडीला खांद्यावर घेतलं, थोपटलं, आणि ढेकर आला तो मलाच. मोठा, दणदणीत. मुलगी हसून हसून खाली बसली. दूध हिने प्यायचं आणि ढेकर तुम्ही द्यायचा होय, म्हणाली. मीही हसलो. गुंडीने काही दिला नाही. बराच वेळ थोपटलं.

दुपारी जेवायला बसलो तर भूकच नाही.

ता. ८, शनिवार

परवापासून गुंडी ढेकर देत नाही, मीच देतो. दर वेळी. आता कुणी हसत नाही, सवय झाली.

मला बरं वाटतंय, हेच बरं वाटत नाही. गुडघा दुखत नाही. दोन दिवस अन्नाला शिवलो नाही, तरी पोट भरलेलं. गुंडी मात्र किरकिर करते, दूध संपलं की पुन्हा तोंड उघडून शोधते.

तोललं. दोघं मिळून एकसष्ट सहाशे. एकटा अठ्ठावन्न चारशे. म्हणजे गुंडी तीन किलो दोनशे. यंत्र फरशीवर सरळ आहे का ते पाहिलं, चपला काढल्या, तीनदा तोललं. तेच. बाळ या दिवसांत वाढायला हवं. मुलीला सांगितलं नाही, ती आधीच झोपेवाचून अर्धी झालीय.

ता. १०, सोमवार

नर्सबाई स्वतःचा टांगता काटा घेऊन आली. तीन किलो शंभर. तिची थट्टा थांबली. मुलीला विचारलं, दूध पुरतं का गं? मुलगी रडायला लागली. नर्सबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, तुझं काही चुकत नाही, आईच्या दुधानंतर वरचं दूध देऊ.

बाटलीतून साठ मिली दिलं. मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. गुंडीचा घसा हलत होता, दूध रेघेरेघेने उतरत होतं, एक थेंब बाहेर आला नाही. बाटली रिकामी झाली.

मग ढेकर मला आला. आणि तोंडात दुधाची चव. कोमट, गोडसर. मी चाळीस वर्षांत दूध प्यायलेलो नाही, मला सोसत नाही.

ता. ११, मंगळवार

दोघं मिळून एकसष्ट सहाशे. आलो तेव्हा होतं तेवढंच. एका ग्रॅमचा फरक नाही.

एकटा अठ्ठावन्न सहाशे.

काट्यावर कधी असं व्हायचं. भरलेली गाडी तेवढीच, रिकामी मात्र दर फेरीला जड. अर्थ एकच असतो. माल उतरतच नाही, गाडीतच राहतो. अशी गाडी मी आत सोडत नसे. ड्रायव्हरला खाली उतरवत असे.

ड्रायव्हर मी आहे.

ता. १२, बुधवार

ढेकर काढणार नाही, असं सांगून टाकलं. मुलीला लागलं. एवढं एकच तर काम सांगितलं होतं बाबा, म्हणाली. चूक नाही तिची.

दोनच्या दुधानंतर तिनेच गुंडीला खांद्यावर घेतलं. मी लांब, स्वयंपाकघरात, दार लावून, ओट्याला धरून उभा होतो.

तिथे मला ढेकर आला.

बाहेर मुलगी अजून थोपटत होती. थप थप थप. येत का नाहीये, येत का नाहीये, म्हणत होती.

गालांवर मांस चढलंय माझ्या. जावई म्हणाले, बाबांना इथलं पाणी मानवलं.

गुंडीच्या मांडीची कातडी सुटलीय. चिमटीत येते.

ता. १३, गुरुवार

सांगितलं. दोघांना समोर बसवून सगळं. आकडे दाखवले. जावयांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून. मुलगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, की बाबा, मला सध्या एकाचीच काळजी झेपते.

दुपारी गुंडीला दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला ठेवून घेतलं. तपासण्या केल्या. सगळं ठीक. दूध पिते, पचत असावं, मग जातं कुठे, असं त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. सहज म्हणाल्या.

मी बाकावर बसून होतो. पोट भरून.

ता. १४, शुक्रवार

निघालो. चिठ्ठी ठेवली. लांब गेलो तर सुटेल. सहा तास गाडीत, शेवटच्या स्टेशनवर उतरलो. स्टेशनसमोर लॉज. खोलीत कॉट, बेसिन, आरसा. आरशावर टॉवेल टाकला. त्यात दिसतो तो साठीचाही वाटत नाही.

पाच वाजता, तिच्या दुधाच्या वेळेला, काही आलं नाही. सव्वापाच. देवा, सुटली पोर—

पाच वीस. आलं. आज तिकडे उशिरा पाजलं असेल. तोंड दुधाने भरून आलं.

ता. १५, शनिवार

आठ वाजता थुंकलं. बेसिनमध्ये. पांढरं, कोमट. वाटलं, निदान माझ्या पोटात तरी गेलं नाही.

मुलीला फोन. म्हणाली, कुठे आहात तुम्ही, कुणाला कुणाला शोधू मी? मग म्हणाली, वजन आणखी उतरलं. दोन किलो सातशे.

थुंकूनही गेलंच. तिला मिळालं नाही ते नाहीच. मी फक्त सांडलं. माझ्या हाताने.

अकराला बेसिनपाशी उभा राहिलो. थुंकायचं नाही, गिळायचंही नाही. ओठ दाबून धरले. डोळ्यांतून पाणी आलं. पाच मिनिटं. सात.

ओसरलं. आपोआप. तोंड कोरडं.

लगेच फोन. मुलगी रडत हसत होती. बाबा, तिने ढेकर दिला. स्वतः. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. बाबा, तुम्ही या ना परत.

येतो म्हणालो.

दोन वाजता. धरलं. नऊ मिनिटं. ओसरलं.

पाच वाजता. जास्त होतं. श्वास नाकाने घ्यायचा, हे लक्षात ठेवलं. बारा मिनिटं. खाली बसलो. पण ओसरलं.

फोन. दोन किलो साडेसातशे. पोर हावरी झालीय म्हणे. डॉक्टरीणबाई खूश आहेत. उद्यापासून दूध वाढवणार.

किती वाढवणार, असं विचारलं. दुप्पट, म्हणाली.

ता. १६, रविवार

आठला पाच कमी. रात्रीच्याही सगळ्या वेळा धरल्या, आता दुप्पट यायचं. कडी आतून लावली नाही. वही गुडघ्यावर. पेन बरं चालतंय.

एकदा गिळलं की पुन्हा सगळं माझ्याकडे. हे मला आतून ठाऊक आहे. कसं ते नाही माहीत. एवढ्या वेळी धरलं की ती सावरेल. तीन किलोवर गेली की सावरेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, मुलीने फोनवर सांगितलं—

आठ.

आलं. जास्त. गाल फुगले

गिळायचं नाही

नाकापर्यंत. नाकातून श्वास— नाही येत. बेसिन दोन हातांवर आहे. बघायचं नाही तिकडे

फोन वाजतोय. तिचाच असणार. उचलला तर तोंड उघडावं लागेल

अजून येतंय. म्हणजे पितेय. घसा हलत असेल तिचा, इवलासा. रेघेरेघेने

फोन थांबला. परत वाजतोय

घसा माझा आपोआप— नाही. हाताने दाबून धरला. एका हाताने लिहितोय

पी बाई. तुझं आहे. सगळं तूच पी. मी नाही गि